गिलावा की जिप्सम? आधी पाणी कुठे ते सांगा
(लेखमाला : घराचं काम काढताना, भाग ७)

अकलोलीत तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीचे दर्शन झाले की भाविक इकडे वळतात आणि गंधकाचा वास सहन करत मनसोक्त अंघोळ करतात. त्यांच्या जोरावर आसपास लॉज निघाले, घरगुती खोल्या निघाल्या. अशी एखादी जादा खोली काढायची म्हटली की मालकाला हल्ली हमखास ऐकू येते, ‘‘शेठ, विटा कशाला? जिप्समचं पार्टिशन मारून देतो, चार दिवसांत खोली तयार!’’

चार दिवसांचा हिशेब खोटा नसतो. पण ती भिंत न्हाणीघराला लागून आहे का, हे न विचारताच जो भाव सांगतो, त्याला काम द्यावे की नाही याचा मात्र दोनदा विचार करावा.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा मऊ खनिज दगड. भारतात तो मुख्यतः राजस्थानात निघतो. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणीच असते. सुमारे १५० अंशांवर भाजला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडते आणि उरते ती पीओपीची पांढरी भुकटी. तिच्यात पाणी घातले की ती गेलेले पाणी परत पिते आणि घट्ट होते. म्हणून जिप्समच्या गिलाव्यावर सिमेंटसारखे दिवसेंदिवस पाणी मारावे लागत नाही. आग लागली तर हेच पाणी वाफ होऊन भिंतीचे तापणे काही काळ लांबवते. पण जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. सतत ओल मिळाली की ते मऊ पडते, फुगते, पुट्टीचे पोपडे निघतात आणि मागोमाग बुरशी येते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात दिवसभर गरम पाण्याच्या बादल्या रिकाम्या होणारे न्हाणीघर, म्हणजे जिप्समचे सासरच.

हेच जिप्सम दोन जाड कागदांच्या मध्ये दाबले की बोर्ड तयार होतो. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये अशा बोर्डाचे पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली घरे सर्रास त्याचीच होऊ लागली. न्यू जर्सीतल्या मराठी घरात जड देव्हारा भिंतीवर टांगायचा तर आधी भिंत टकटक वाजवत आतला लाकडी खांब शोधावा लागतो, तो यामुळेच. आपल्याकडे आत लाकडाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा सांगाडा असतो. अकलोलीकरांना तर बोर्ड दूरचाही नाही. अंबाडी नाक्यावरून वाड्याकडे निघाले की त्या तालुक्यात जिप्सम बोर्डाचा कारखानाच आहे, आणि भिवंडीच्या गोदामांतली कचेरी बहुतेक वेळा याच बोर्डाने आखलेली असते. तिथे तो शोभतो. छत, दोन खोल्यांमधला कोरडा आडोसा, दुकानाची मागची बाजू, इथेही बिनधास्त वापरावा.

काम चालू असताना बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या बघायला हव्यात. भिंतीसाठी बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड हवा. दमट जागेसाठी वेगळा, हिरव्या कागदाचा बोर्ड मिळतो. तो दमटपणा सोसतो, पाण्याचा मारा नाही. खालची कड लादीवर टेकवू नये, सेंटिमीटरभर वर ठेवावी. नाहीतर लादी पुसल्याचे पाणी कागद वरपर्यंत पीत राहतो. आणि स्क्रू नीट बघावा. त्याचे डोके कागदाच्या किंचित खाली दबलेले हवे, पण कागद फाटलेला नको. फाटला असेल तर तो स्क्रू नुसता भुशात अडकला आहे असे समजावे. सांध्यावर टेप न लावता नुसती पुट्टी फिरवली, तर वर्षाच्या आत तिथे सरळ रेघेत चीर दिसते.

न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा आणि बाहेरची भिंत मात्र विटांची आणि सिमेंटच्या गिलाव्याचीच बरी. आतून १२ मिलिमीटर, बाहेरून २० मिलिमीटर आणि तेही दोन हातांत. गिलाव्यापूर्वी भिंत भिजवलेली हवी. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि गिलावा बद्द वाजू लागतो. काँक्रीटच्या खांबावर टाचे मारलेले हवेत, आणि खांब व वीट मिळतात तिथे चिकन जाळी हवी. जाळी वाचवणारे पुष्कळ. मग तिथेच वरपासून खालपर्यंत तडा जातो आणि दोष मात्र ‘घर बसलं’ म्हणून जमिनीला मिळतो. खाडीची रेती न धुता वापरली तर भिंतीवर पांढरे क्षार फुलतात, त्यापेक्षा धुतलेली क्रश सँड परवडते. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस पाणी. ठेका ‘लेबर रेट’ने असेल तर हे पाणी कोण मारणार, हे आधीच ठरवून घ्यावे. गवंडी म्हणतो मालक मारेल, मालक म्हणतो गवंडी मारेल, आणि भिंत कोरडीच राहते.

मालाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. १२ मिलिमीटरचा १:४ गिलावा असेल तर ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, सिमेंटची साधारण एक गोणी लागते. १:६ असेल तर पाऊण गोणीच्या आसपास. दहा ब्रास झाले आणि चारच गोण्या फुटल्या असतील तर मालात रेतीच जास्त आहे, हे कोणी सांगायला नको.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती मोजमापावरून. दरवाजा-खिडकीची जागा वजा करायची की नाही? भारतीय मानकाचा नियम असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडीप वजा होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरची असेल, आणि दोन्ही बाजूंना तोच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजा होते आणि कडांचे वेगळे पैसे नाहीत. नेहमीचा तीन बाय सातचा दरवाजा याच गटात येतो. मिस्त्रीला हा नियम ठाऊक असतो, मालकाला नसतो. तेव्हा दर ठरवतानाच कागदावर तीन ओळी लिहाव्यात: मालासकट की नुसती मजुरी, उघडीप कशी मोजणार, पैसे कोणत्या टप्प्याला किती.

ठेकेदार निवडताना त्याने नुकतेच केलेले काम बघण्यापेक्षा दोन पावसाळे काढलेले काम बघावे, आणि तिथे बोटाच्या पेराने भिंत वाजवावी. स्थानिक माणसाचा फायदा इथेच आहे. त्याची जुनी कामे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या परिसरातच उभी असतात आणि बिघडले तर त्याला गाठणेही सोपे जाते. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत मागे ठेवण्याची बोलीही आधीच करावी. बोली कामानंतर काढली की ती फसवणूक वाटते.

पुढच्या भागात पुट्टी आणि रंग.