चित्रपटगृहांतील ऑपेरा

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन ऑपेरा-गृहांत शनिवारीं दुपारीं बहुधा एक वाजतां खेळाचा पडदा वर जातो. त्या वेळीं हिवाळ्यांत लंडनला सायंकाळचे सहा, तर आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. ठराविक शनिवारीं हा खेळ उपग्रहाच्या द्वारें देशोदेशींच्या चित्रपटगृहांत त्याच क्षणीं दिसतो. आणि ज्यानें न्यूयॉर्क कधीं पाहिलें नाहीं, असा मनुष्यही आपल्या गांवच्या खुर्चींत बसून तो पाहूं शकतो.

श्रोतेहो, ऑपेरा म्हणजे पाश्चात्यांचें संगीत नाटक, असें आपण सहज म्हणून जातों. तें सर्वस्वीं खरें नाहीं. ‘सौभद्रां’तील पात्रें गद्य बोलतात व मधून मधून पदें म्हणतात, पुष्कळशा ऑपेरांत संभाषणही गाऊनच होतें, आणि साथीला मोठा वाद्यवृंद असतो. मात्र एका बाबतींत दोघांचें कूळ एक आहे. ध्वनिवर्धक येण्यापूर्वीं आपले नट नुसत्या गळ्यावर शेवटची रांग गांठीत. ऑपेराचा गायक बहुधा आजही तसाच गातो. मेट्रोपॉलिटनमध्यें सुमारें ३८०० आसनें आहेत, हें ध्यानांत घ्यावें!

हें साधतें कसें? वाद्यवृंदाचा जोर मुख्यतः सेकंदास ५०० कंपनांच्या आसपास असतो. त्याहून उंच स्वरांत तो ओसरत जातो. कसलेला गायक, विशेषतः पुरुष-गायक, घशाची पोकळी अशी ठेवतो कीं, ३००० कंपनांच्या आसपास त्याच्या आवाजाला एक निराळें तेज चढतें. तेथें वाद्यें दुबळीं पडतात, व आपला कान तर फार तिखट असतो. त्यामुळें आवाज वाद्यांशीं झुंजत बसत नाहीं. त्यांच्यामधून वाट काढतो.

ऑपेरा घराबाहेर नेण्याची हौस जुनी आहे. १९३१ च्या नाताळच्या दिवशीं हम्पर्डिंकचा ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ हा ऑपेरा मेट्रोपॉलिटनमधून नभोवाणीवर ध्वनिक्षेपित झाला. १९५२ सालीं ‘कार्मेन’ अमेरिकेंतील ३१ चित्रपटगृहांत दाखविण्यांत आला, पण ती प्रथा तेव्हां रुजली नाहीं. ती रुजली ३० डिसेंबर २००६ पासून, मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’नें.

पडद्यावर लाभ होतो तो डोळ्यांना. दूरच्या सज्जांतून बाहुलीएवढी दिसणारी नायिका येथें हातभर अंतरावर येते. तिच्या कपाळावरील घाम दिसतो. मध्यंतरांत गायकांच्या मुलाखती होतात, पडद्यामागें देखावे हलविणारे कामगार दिसतात. मला तर कित्येकदां हा भाग मूळ खेळाइतकाच गोड लागला आहे.

हानि होते ती कानांची. मायक्रोफोननें टिपलेला आवाज यंत्रज्ञाच्या हातून जातो. तो गाणें आणि वाद्यें यांचा तोल जुळवितो. नाट्यगृहांत जो गळा वाद्यांखालीं बुडाला असता, तोही येथें स्पष्ट ऐकूं येतो. आणि ज्याच्या गळ्यानें सारें गृह भरून जातें, तो त्याच्याच मापाचा होऊन बसतो. वर्षानुवर्षें कमावलेली ती विद्या तेथें चालूच असते. आपल्यापर्यंत पोंचत नाहीं इतकेंच.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसची कथाही या विषयाला लागूनच आहे. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्तें उघडलेल्या या वास्तूंत पुढें मराठी नाटकें झालीं, बालगंधर्व गाऊन गेले, आणि १९३५ च्या सुमारास तिचें चित्रपटगृह झालें. १९९३ मध्यें तिला कुलूप लागलें; २०१६ सालीं ती पुन्हां उघडली, ती गाण्याच्या कार्यक्रमानेंच.

नरीमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत मेट्रोपॉलिटनच्या खेळांचीं मुद्रणें दाखविण्यांत आलीं आहेत. मध्यरात्रीं जागण्याची सक्ति तेथें नव्हती. अशाच एका खेळाच्या मध्यंतरांत शेजारच्या गृहस्थांनीं मला विचारलें, “मास्तर, या दोघांत मोठा आवाज कोणाचा हो?” मीं दोन अंक लक्ष देऊन ऐकले होते. उत्तर मला देतां आलें नाहीं. तोंच दिवे मालवले आणि तिसरा अंक सुरू झाला.