परसांतील कोंबड्या : जात निवडण्यापूर्वीं

ब्राह्मणाच्या घरीं कोंबडीचा विषय निघाला कीं अजूनहि एखादी भुंवई वर चढतेच. मनूनें पांचव्या अध्यायांत ग्रामकुक्कुट द्विजांस अभक्ष्य ठरविला. पतंजलीनें तर महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत, गांवठी वर्ज्य म्हटला म्हणजे रानांतला चालतो हें आपोआप समजतें, असा त्यावरून व्याकरणाचा मुद्दा काढला. परंतु अभक्ष्य म्हणजे अपाल्य नव्हे. कार्तिकेयाच्या ध्वजावर हाच पक्षी विराजमान आहे.

आमचें घर घोडबंदर रस्त्यावर, एका जुन्या वाडींत. एका अंगास येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्यें आतां गगनचुंबी इमारतींची रांग. त्यांत आमचें परसदार कसेंबसें शाबूत राहिलें आहे. चार वर्षांपूर्वीं धाकट्या सूनबाईंच्या मनांत आलें कीं, अशक्त नातीस रोज एक ताजें अंडें मिळावें. नातवानें उत्साहानें रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून गुलाबी, हिरवीं, जांभळीं अशीं रंगांत बुडविलेलीं बारा पिल्लें आणलीं. जातीची चौकशी कोणीच केली नाहीं.

आठवड्याभरांत सात दगावलीं. उरलेल्यांचा रंग उडाला, तुरे फुटले, आणि पांचहि कोंबडे निघाले! मागाहून कळलें कीं, अंड्यांसाठीं निपजविलेल्या जातींतील नर पिल्लें उबवणी केंद्रास निरुपयोगी असतात. त्यांतलींच पुष्कळशीं रंगवून बाजारांत येतात. पहाटे चारला पांच कंठ एकदम सुटत. शेजारच्या इमारतींतून तक्रारी येऊं लागल्या, आणि कोंबडे एकमेकांस रक्तबंबाळ करूं लागले. अखेर पाड्यावरच्या ओळखीच्या एका गृहस्थांस ते देऊन टाकावयाचें ठरलें. आमच्या वडील भगिनी आक्का यांनीं आरंभीं त्या पिल्लांकडे पाहिलेंहि नव्हतें. पण एव्हांना रोज सकाळीं कणी टाकावयास त्याच जात. त्या एवढेंच म्हणाल्या, "ने बाबा, पण पुढें काय झालें तें मला सांगूं नको." त्या दिवशीं जेवतांना घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. ज्यास आपण मारणार नाहीं त्यास शेवटपर्यंत पोसणार काय, हा प्रश्न आम्हीं पिल्लें आणण्यापूर्वींच विचारावयास हवा होता.

जातीची निवड या प्रश्नापासूनच सुरू होते. पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसतें कीं, कोंबडी कोंबड्यावांचूनहि अंडें घालते. त्या अंड्यांतून पिल्लूं मात्र कधींच निघत नाहीं. गांधीजींनीं १९४२ सालीं लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत, ज्यास दूध चालतें त्यास असें निर्जीव अंडें चालण्यास हरकत नसावी, असें मत दिलें आहे. तें पटो वा न पटो, कोंबडा न ठेवला म्हणजे पहांटेची आरव आणि नको असलेलीं पिल्लें या दोन्ही गोष्टी टळतात. म्हणून नवख्यानें एक दिवसाचीं पिल्लें न घेतां, नरमादी स्पष्ट ओळखूं येणाऱ्या, लस टोंचलेल्या तलंगा घ्याव्या. चार पुरेत.

आतां जाती. संकरित पांढरी लेगहॉर्न वर्षास तीनशेंवर अंडीं देते, पण ती भित्री व उडती. शिवाय तें उत्पन्न विकतच्या संतुलित खाद्यावरचें, घरच्या कणीकोंड्यावरचें नव्हे. झाबुआच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचा बोलबाला फार. पण त्याची किंमत काळ्या मांसाची. शाकाहारी घरानें ती कां मोजावी? असील लढवय्या, अंड्यांस कंजूष. गांवठी कोंबडी काटक खरी, परंतु थोडीं अंडीं घालून झालीं कीं खुडूक बसते. बंगळूरचा गिरिराजा आणि हैदराबादचा वनराजा हे वाण अंडीं व मांस अशा दुहेरी उपयोगाचे. आमच्यासारख्यांस दोनच सुचवावेसे वाटतात : शांत स्वभावाची तांबडी ऱ्होड आयलंड रेड, किंवा हैदराबादच्याच संशोधन संस्थेनें परसासाठीं तयार केलेली ग्रामप्रिया. ही परसांत वर्षाकांठीं दीडशें ते पावणेदोनशें अंडीं देते. आम्हीं ग्रामप्रियाच घेतली. शिंपल्यांचा चुरा मात्र नेमानें द्यावा लागतो, नाहींतर कवच पातळ होतें.

खुराडें भक्कम हवें. डोंगरालगत मुंगूस नेहमींचें, आणि बिबट्याची ये-जा ऐकीव नव्हे. सूर्यास्तापूर्वीं दार लागलेंच पाहिजे. राणीखेत रोगाची लस चुकवूं नये. रानपक्ष्यांची विष्ठा पाण्यांत पडणार नाहीं असेंहि पाहावें. २०२२ च्या फेब्रुवारींत आपल्याच जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील वेहळोलीस, बर्ड फ्लूमुळें हजारों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. सदनिकेच्या गॅलरींत हा उद्योग करूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोंबडी दोन-तीन वर्षें भरपूर अंडीं देते, आणि जगते मात्र सात-आठ. हा हिशेब कोणी दुकानदार सांगत नाहीं. आमच्या चौघींपैकीं एकीनें यंदा अंडीं घालणें जवळजवळ सोडलें आहे. आक्का तिला 'पेन्शनर' म्हणतात आणि आमच्याकडे पाहून हंसतात. सकाळची पहिली मूठ मात्र तिच्याच पुढें पडते.