भिंतीच्या पोटातली वीज

मँचेस्टरचा सीआयएस टॉवर 1962 साली उभा राहिला. 118 मीटर उंच. त्याला लागूनच जिने आणि लिफ्ट सामावणारा बिनखिडक्यांचा मनोरा, आणि त्या मनोऱ्याच्या अंगावर सेंटिमीटरभर आकाराच्या करड्या मोझॅक चिपा. इमारत पुरी होऊन वर्षही झालं नव्हतं तोच चिपा गळू लागल्या. पुढची चाळीस वर्षं डागडुजीत गेली. शेवटी भिंत झाकायचीच आहे, तर जे झाकेल त्यानेच वीजही करावी असं ठरलं आणि 2005 मध्ये मनोऱ्यावर 7,244 निळी सौर पॅनेलं चढली. त्यातली 4,898 खरी, प्रत्येकी 80 वॅटची. उरलेली दिसायला तशीच, पण वीज न करणारी.

मला ही न चालणारी पॅनेलंच जास्त बोलकी वाटतात. इमारतीचा भाग झालेल्या पॅनेलाचं पहिलं काम भिंत होण्याचं असतं. पाऊस अडवायचा, वारा झेलायचा, कोणाच्या डोक्यावर पडायचं नाही. वीज त्यानंतर. गच्चीवरचं पॅनेल उतरवलं तरी गच्ची शाबूत राहते. भिंतीतलं काढलं की भिंतीला भगदाड पडतं. म्हणून इथली सामग्री वेगळी, आणि तिच्यातलं महत्त्वाचं बरंचसं काचेच्या मागे, नजरेआड असतं.

माझ्या टेबलावर अशा पॅनेलाचा फूटभर लांबीचा नमुना आहे. उचलला की वजनानेच वेगळेपण कळतं. गच्चीवरच्या नेहमीच्या पॅनेलाला पुढे काच आणि मागे प्लास्टिकचा पातळ थर असतो. इथे दोन्ही बाजूंना काच, मध्ये पारदर्शक चिकट थर आणि त्यात रुतलेल्या सिलिकॉनच्या काळ्या चकत्या. काच फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, खाली रस्त्यावर सांडत नाहीत. चकत्यांमध्ये मुद्दाम अंतर सोडलंय. नमुना खिडकीसमोर धरला की टेबलावर ऊन-सावलीचे चौकोन पडतात, पोफळीच्या बागेत पडतात तसे. नेहमीच्या पॅनेलाच्या पाठीवर साबणाच्या डबीएवढा जंक्शन बॉक्स असतो. इथे तो करंगळीएवढा होऊन काचेच्या कडेला सरकलाय. कारण ती कड ॲल्युमिनियमच्या पोकळ बारमध्ये बसणार आणि तारही त्याच पोकळीतून जाणार. मागे ऑफिस आहे, लोक बसणार आहेत; काचेवर लोंबती वायर कशी चालेल?

काच आणि बार यांच्यामध्ये काळ्या रबराची गॅस्केट येते, गाडीच्या दाराला असते त्या जातीची. पाणी अडवते, आणि उन्हात ॲल्युमिनियम आणि काच कमी-जास्त फुगतात तो फरकही पोटात घेते. तरी थोडं पाणी आत शिरतंच, हे गृहीत धरून बारच्या तळाशी निचऱ्याची भोकं ठेवतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ही भोकं सिलिकोन सीलंटने बुजवणाऱ्या कारागिराइतकं नुकसान दुसरं कोणी करत नाही. त्या पाण्याच्या शेजारूनच वीज जात असते.

आता ऊन. नवी मुंबईतल्या कंट्रोलएस डेटा सेंटरच्या चारही भिंतींवर बंगळुरूच्या यू-सोलर कंपनीने 863 किलोवॅटची पॅनेलं बसवली आहेत. चारही भिंती म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो उत्तरेच्या भिंतीचा. उत्तर आपल्या आकाशात आहे. मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन मिळत नाही. डिसेंबरात तीच भिंत न्हाऊन निघते. पूर्वेची सकाळी जागी होते, पश्चिमेची दुपारनंतर. त्यामुळे सगळ्या भिंतींची पॅनेलं एकाच माळेत ओवून चालत नाही. माळेत सर्वांतून सारखाच करंट वाहतो, आणि सावलीतलं एक पॅनेल बाकीच्यांना मागे खेचतं. प्रत्येक भिंतीची माळ वेगळी, तिला इन्व्हर्टरचं वेगळं तोंड. छज्ज्याची किंवा शेजारच्या इमारतीची सावली जिथे फिरते, तिथे पॅनेलागणिक छोटा ऑप्टिमायझर लावणं पैसे वसूल करतं. पॅनेलाच्या आतले बायपास डायोड झाकोळलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नये.

उन्हाबरोबर उष्णता येते. सिलिकॉनची ताकद 25 अंशांवर मोजतात. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. 65 अंशांना तापलेलं पॅनेल 12 ते 16 टक्के गमावून बसतं. म्हणून जिथे मागे पक्की भिंत आहे तिथे पॅनेल तिला चिकटवत नाहीत. ब्रॅकेटवर पुढे धरतात आणि मधल्या फटीला खाली-वर तोंडं ठेवतात. खालून हवा शिरते, तापते, वर निघून जाते. यात खर्च फक्त ब्रॅकेटच्या लांबीचा, आणि तरीही काटकसर नेमकी तिथेच होते.

एका गोष्टीत मात्र काटकसर नकोच. पॅनेलातून येणारी वीज डीसी असते आणि एका माळेत ती कित्येक शे व्होल्टपर्यंत चढते. घरातल्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला असा श्वास नाही. ठिणगी पेटतीच राहते. म्हणून आयसोलेटर, फ्यूज आणि सर्ज अरेस्टर डीसीसाठीच बनवलेले हवेत, आणि अग्निशमनवाल्यांना सहज सापडेल अशा जागी माळा तोडणारं बटण हवं. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचंही आधी नीट अर्थिंग करायचं, मगच पहिली काच चढवायची.

हे सगळं नकाशावर असतानाच ठरावं लागतं. काचेची भिंत उभारणारा ठेकेदार आणि वीजवाला एका टेबलाशी बसले नाहीत, तर बारला तारेची भोकं पडतच नाहीत आणि मग ती वरच्या मजल्यावर, झुल्यात लटकून, ड्रिलने पाडली जातात. त्या भोकांच्या कडेवर पुढे तारेचं आवरण सोलवटतं.

आणि काम उरकलं की त्याच मापाची, त्याच रंगाची दहा-पंधरा पॅनेलं तळघरात उभी ठेवून द्यायची, प्रत्येकावर त्याच्या माळेचा नंबर लिहून. दहा वर्षांनी काच तडकेल तेव्हा बाजारात त्या मापाचं पॅनेल मिळणार नाही, आणि पावसाळा तर जूनमध्ये येणारच आहे.