निळ्या मैदानावरून आलेला संघ

अठरा यार्ड हवे होते आणि घड्याळात अठरा सेकंद उरले होते. 1 जानेवारी 2007 च्या रात्री ॲरिझोनातल्या ग्लेनडेल इथे, फिएस्टा बोल सामन्यात, बॉइसी स्टेट विद्यापीठाचा संघ ओक्लाहोमापेक्षा सात गुणांनी मागे होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. बॉइसीचे तीन प्रयत्न वाया गेले होते आणि संघ उलट मागेच ढकलला गेला होता. नारिंगी-निळे कपडे घालून आयडाहोतून आलेल्या हजारो चाहत्यांपुढे आता एकच चेंडू उरला होता. पुढची दहा-पंधरा मिनिटे त्यांनी जे पाहिले त्याच्या आठवणी आजही बॉइसीत निघतात, आणि निघाल्या की लवकर आटोपत नाहीत.

पण त्या चेंडूपर्यंत संघ पोचला कसा, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

बॉइसी ही आयडाहो राज्याची राजधानी. 2007 च्या सुमारास शहराची वस्ती होती जेमतेम दोन लाख. एपिस्कोपल चर्चने 1932 मध्ये इथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेले एक ज्युनियर कॉलेज काढले, तेच पुढे बॉइसी स्टेट झाले. चार वर्षांची पदवी 1960 च्या दशकात सुरू झाली आणि विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1974 मध्ये. ओक्लाहोमाच्या नावावर तोवर अनेक राष्ट्रीय अजिंक्यपदे जमा झाली होती. बॉइसीने 1980 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण तेही खालच्या विभागातले. वरच्या विभागात त्यांना प्रवेश मिळाला तो थेट 1996 मध्ये.

ते वर्ष जुन्या चाहत्यांना विसरता येत नाही. प्रशिक्षक पोकी ॲलन कॅन्सरशी झुंजत होते. हंगामाच्या अखेरच्या दोन सामन्यांसाठी ते मैदानावर परतले आणि 30 डिसेंबरला वारले. संघाने बारापैकी दहा सामने गमावले होते. दहा वर्षांनी हाच संघ एकही सामना न हरता ओक्लाहोमासमोर उभा राहील असे त्या डिसेंबरात कोणी म्हटले असते, तर ती समजूत घालण्यासाठी केलेली भाषा वाटली असती.

बाहेरच्या जगाला तोवर बॉइसीची ओळख होती ती मैदानाच्या रंगामुळे. 1986 मध्ये विद्यापीठाचे क्रीडा संचालक जीन ब्लायमायर यांनी कृत्रिम गवत बदलायचे ठरवले. एवढा खर्च करून पुन्हा हिरवेच गवत घातले तर फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणून त्यांनी निळे गवत अंथरले. देशात असे दुसरे मैदान नव्हते. पाहुण्या संघांनी नाके मुरडली, वर्तमानपत्रांनी टवाळी केली. बॉइसीकरांनी मात्र तो रंग अभिमानाने मिरवला. पुढे 2011 मध्ये संघ माउंटन वेस्ट या गटात दाखल झाला तेव्हा गटातल्या सामन्यांत निळ्या मैदानावर संपूर्ण निळा पोशाख घालायला त्याला दोन वर्षे मनाई होती, कारण त्याचा अन्याय्य फायदा मिळतो, अशी इतरांची तक्रार होती. ज्या रंगाला आधी हसले त्याचीच पुढे तक्रार व्हावी, याचा बॉइसीत कोणाला आनंद झाला नसेल तर नवल.

ॲलन यांच्या पश्चात संघ उभा राहिला तो डर्क कॉटर आणि मग डॅन हॉकिन्स या प्रशिक्षकांच्या हाताखाली. विजय साचत गेले, पण दरवर्षी एकच शेरा मिळे: दुबळ्या संघांना हरवलेत, त्यात काय विशेष? सप्टेंबर 2005 मध्ये जॉर्जियाच्या बलाढ्य संघाने बॉइसीला 48-13 असे धुतले तेव्हा शेरा मारणाऱ्यांना पुरावाच मिळाला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जॅरेड झब्रान्स्कीने त्या दिवशी चार वेळा चेंडू थेट विरोधकांच्या हाती फेकला, दोनदा हातातून सोडला आणि अखेर त्याला बाहेर बसवले गेले. ग्लेनडेलला त्या अखेरच्या चेंडूसाठी उभा असलेला क्वार्टरबॅक तोच.

अडचण आणखी एक होती. त्या काळात हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांची निमंत्रणे बीसीएस नावाच्या व्यवस्थेतून जात. सहा मोठ्या गटांच्या विजेत्यांना जागा ठरलेल्या असत. गटाबाहेरच्यांना उरल्यासुरल्या जागा, त्याही क्रमवारीत फार वर असाल तरच. 2006 मध्ये एक सामना वाढला आणि अट जराशी सैल झाली. लहान गटाचा विजेता पहिल्या बारांत आला तर त्याला जागा द्यायचे ठरले. बॉइसी बारा सामने जिंकून आठव्या स्थानावर होता. क्रिस पीटरसन यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष.

समोर बॉब स्टूप्स यांचा ओक्लाहोमा आणि त्यांचा धावपटू एड्रियन पीटरसन. गळपट्टीचे हाड मोडल्याने तो ऑक्टोबरपासून बाहेर होता आणि नेमका या सामन्यासाठी परतला होता. जाणकारांनी ओक्लाहोमाला सहज पसंती दिली होती. तिसऱ्या सत्रात फलक मात्र सांगत होता: बॉइसी 28, ओक्लाहोमा 10.

मग पारडे फिरले. शेवटच्या दीड मिनिटापर्यंत ओक्लाहोमाने 28-28 अशी बरोबरी साधली. बॉइसीच्या हाती चेंडू आला आणि झब्रान्स्कीने पहिलाच फेकलेला चेंडू ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरने पकडून सरळ गोलक्षेत्रात नेला. 28-35, आणि उरले जेमतेम एक मिनिट. जॉर्जियाविरुद्धचा तो सामना आठवून कित्येक चाहत्यांनी डोक्याला हात लावला. पोराने पुन्हा तेच केले होते.

इथून पुढचे तीन डाव बॉइसीची शाळकरी मुलेसुद्धा पाठ म्हणून दाखवतात.

पहिला डाव त्या चौथ्या प्रयत्नाचा. झब्रान्स्कीने मधोमध पंधरा यार्डांवर ड्रिसन जेम्सला पास दिला. तीन यार्ड कमीच पडत होते, आणि बचावपटू त्याच्यावर तुटून पडायला निघाले. जेम्स एका बाजूला वळतोय असे दिसले, तोच उलट बाजूने जेरार्ड रॅब धावत आला आणि जेम्सने चेंडू अलगद त्याच्याकडे सोपवला. सगळा बचाव जेम्सच्या दिशेने झुकलेला होता, रॅबसमोर डावा कोपरा मोकळा. पस्तीस यार्ड धावून त्याने गोलक्षेत्रात उडी घेतली तेव्हा सात सेकंद बाकी होते. किकचा एक गुण मिळून 35-35. हुलीचा हा डाव नवा नव्हता. गल्लीत खेळणारी अमेरिकन मुलेही तो करून बघतात. पण एवढ्या मोठ्या सामन्यात, शेवटच्या चेंडूवर, थकलेल्या पायांनी तो इतका बिनचूक साधायचा तर सरावात घाम गाळलेला असावा लागतो. त्याला नशीब म्हणणाऱ्यांनी रॅबच्या धावेची वेळ एकदा पुन्हा पाहावी.

जादा वेळेत दोन्ही संघांना पंचवीस यार्डांवरून एकेक संधी मिळते. एड्रियन पीटरसनने पहिल्याच चेंडूवर पंचवीसच्या पंचवीस यार्ड कापले. 42-35. बॉइसी पुन्हा अडखळत चौथ्या प्रयत्नापर्यंत आला, पाच यार्डांच्या रेषेजवळ. आता दुसरा डाव. झब्रान्स्की चालत बाजूला सरकला आणि चेंडू थेट व्हिनी पेरेटाच्या हाती गेला. पेरेटा एरवी पास झेलणारा खेळाडू. तो धावेल असे वाटत असतानाच त्याने चेंडू फेकला आणि डेरेक शौमनने गोलक्षेत्रात तो झेलला. 42-41.

इथे किक मारून एक गुण घेतला की बरोबरी होणार होती आणि खेळ पुढे चालू राहणार होता. त्याऐवजी तीन यार्डांवरून एकच डाव टाकून दोन गुणही घेता येतात. जमले तर जिंकलात, नाही जमले तर तिथेच हरलात. क्रिस पीटरसननी दोन गुण घ्यायचे ठरवले. त्या रात्रीची खरी मोठी गोष्ट हा निर्णय होता. समोरच्या संघाची ताकद जास्त, राखीव खेळाडू जास्त, आणि एड्रियन पीटरसनसारखा धावपटू एका चेंडूवर सामना फिरवणारा. खेळ लांबला की पारडे ओक्लाहोमाकडेच झुकणार होते. लहान संघाने मोठ्याशी दमछाक होईपर्यंत झुंजण्यात शहाणपण नव्हते. क्रिस पीटरसनना ते नेमके कळले होते, आणि कळून ते डगमगले नाहीत.

तिसरा डाव. उजवीकडे तीन खेळाडू पास झेलायला सज्ज. झब्रान्स्कीने चेंडू हाती घेतला, उजवीकडे पाहिले आणि उजवा हात फेकल्यासारखा पुढे झटकला. त्या हातात काहीच नव्हते. चेंडू होता डाव्या हातात, पाठीमागे. तिथून तो धावपटू इयन जॉन्सनने उचलला आणि डावीकडे धाव ठोकली. कबड्डीत चढाईपटू हातवारे करून सगळी फळी एका अंगाला ओढतो आणि पाय दुसरीकडेच टाकतो, तसा ओक्लाहोमाचा सारा बचाव उजवीकडे खेचला गेला होता. जॉन्सनच्या अंगाला कोणाचा हातही लागला नाही. 43-42.

जॉन्सनने मग कॅमेऱ्यांसमोरच गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला, संघाच्या चिअरलीडर पथकाच्या म्होरकीला, लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. हा जॉन्सन मोकळ्या वेळात क्रोशाने टोप्या विणायचा. त्या हंगामात 25 टचडाउन करून, म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलक्षेत्रात नेऊन, तो देशात पहिला आला होता, आणि टोप्यांच्या वेडामुळे चाहत्यांचा अधिकच लाडका झाला होता. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. तो कृष्णवर्णीय, ती गोरी, म्हणून त्यांना धमक्या आल्या आणि लग्नाला पहारा ठेवावा लागला. त्या विजयाच्या गोड आठवणींत हा भाग सहसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा.

हंगाम संपला तेव्हा वरच्या विभागात एकही सामना न हरलेला देशातला एकमेव संघ बॉइसी होता. विजेता ठरला फ्लोरिडा, एक सामना हरलेला. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत बॉइसी पाचवा. अजिंक्य संघाला अजिंक्यपदाच्या सामन्यात जागाच नाही, ही व्यवस्था चाहत्यांना तेव्हाही डाचली आणि पुढे कित्येक वर्षे डाचत राहिली. सगळे सामने जिंकूनही दारात ताटकळायचे असेल, तर जिंकायचे तरी किती?

पुढची वर्षे त्याच प्रश्नात गेली. केलन मूर क्वार्टरबॅक झाला आणि चार हंगामांत पन्नास सामने जिंकले, तीनच हरले. 2008 मध्ये साखळीतले सगळे सामने जिंकूनही मोठ्या सामन्याचे निमंत्रण आले नाही. 2009 च्या हंगामात आले. पुन्हा फिएस्टा बोल, या वेळी समोर टीसीयूचा संघ, आणि जानेवारी 2010 मध्ये बॉइसी 17-10 ने जिंकला. चौथ्या सत्रात पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर टोलवण्याचा बहाणा करून पास फेकला आणि तिथूनच सामना वळला. हूल देणे हा या संघाचा स्वभावच झाला होता.

मग 26 नोव्हेंबर 2010. रिनो शहरात नेवाडाविरुद्ध अखेरच्या क्षणी मूरने पन्नासहून अधिक यार्डांचा अफलातून पास फेकला आणि विजयासाठी उरली 26 यार्डांची किक. ती हुकली. जादा वेळेत 29 यार्डांची किक, तीही हुकली. 34-31 ने हार, आणि मानाच्या सामन्याचे निमंत्रण गेले. मोठ्या गटातला संघ एखादी हार पचवून पुढे जाऊ शकत होता, बॉइसीचा सारा हंगाम मात्र दोन किकांवर उधळला. एका रात्रीत खलनायक ठरलेला तो किकर मुलगा मोठ्या मनाचा होता, आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या काही चाहत्यांचे वागणे शोभणारे नव्हते.

2011 च्या पहिल्याच सामन्यात बॉइसीने जॉर्जियाला अटलांटात 35-21 असे हरवले. सहा वर्षांचे देणे फिटले. प्रशिक्षक पीटरसन 2013 पर्यंत थांबले, 104 पैकी 92 सामने जिंकून वॉशिंग्टन विद्यापीठाकडे गेले.

बीसीएस 2014 मध्ये मोडीत निघाली. तिच्या जागी चार संघांचे बाद फेरीचे सामने आले, आणि 2024 मध्ये संघ बारा झाले. सर्वांत वरच्या पाच गटविजेत्यांना त्यात जागा राखून ठेवल्या गेल्या. हे बदल एकट्या बॉइसीमुळे झाले असे म्हणणे अति होईल. युटाने 2008 च्या हंगामात अलाबामाला हरवले, त्याचाही वाटा होता. टीव्हीच्या पैशाचा तर मोठाच. पण लहान गटाच्या संघाला संधीच का द्यायची, हा सवाल त्या रात्रीनंतर पूर्वीच्या आत्मविश्वासाने विचारणे कोणालाच जमले नाही.

बारा संघांच्या त्या पहिल्याच वर्षी बॉइसी तिसऱ्या मानांकनाने आत गेला. साखळीत तो एकदाच हरला होता, ओरेगनकडून, तेही अखेरच्या क्षणी 37-34 असा. संघाचा धावपटू ॲश्टन जॅन्टी नौदलातल्या वडिलांच्या बदलीमुळे इटलीत नेपल्सला फुटबॉल शिकला होता. मोठ्या विद्यापीठांनी पैशाचे आमिष दाखवले तरी तो बॉइसीतच राहिला. त्या हंगामात त्याने 2,601 यार्ड काढले. बॅरी सँडर्सचा 1988 चा 2,628 यार्डांचा विक्रम अवघ्या 27 यार्डांनी वाचला.

31 डिसेंबर 2024 रोजी सामना झाला तो ग्लेनडेलच्याच स्टेडियममध्ये, आता नाव बदललेल्या. पेन स्टेटने बॉइसीला 31-14 असे हरवले. फिएस्टा बोलमध्ये बॉइसीची ही चौथी खेप आणि पहिलीच हार. जॅन्टीला 104 यार्डांवर रोखले गेले, क्वार्टरबॅकचे तीन पास विरोधकांच्या हाती गेले. घरी परतणारे चाहते सारा वेळ बोलत होते ते त्या तीन पासांवर आणि पेन स्टेटच्या बचावफळीवर. आपला संघ इथे खेळायच्या लायकीचा होता का, हे या वेळी कोणाला सिद्ध करून दाखवावे लागले नाही.