मे महिन्यात गारवा देणारा कूलर जूनमध्ये का हरतो? वऱ्हाडच्या उन्हाळ्यातून उष्मागतिकी

आजचा विषय उष्मागतिकी. शब्द जड आहे, पण अकोला-अमरावतीच्या माणसाला तो नवा नाही, फक्त नाव नवं आहे. एप्रिल २०१९च्या अखेरीस अकोल्यात पारा ४६ अंशांच्या वर गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. अशा गावात राहणाऱ्याने उष्णतेचे नियम रोज अंगावर घेतलेले असतात. आज आपण तेच नियम जरा रांगेत मांडून बघू.

सुरुवात एका प्रश्नाने करू. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना कूलरसमोर झोप लागते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर ३८च असतात, कूलर तोच, पाणी तेच, तरी माणूस घामाघूम होऊन उठून बसतो. ऊन कमी झालं आणि त्रास वाढला. असं का? याचं उत्तर व्याख्यानाच्या शेवटी आपल्याला आकड्यांत देता आलं पाहिजे.

तापमान वेगळं, उष्णता वेगळी

पहिली गोष्ट नीट करून घेऊ. दुपारी सावलीतल्या दाराला हात लावा. लाकडाची फळी सोसते, लोखंडी कडी चटका देते. कडी जास्त तापलेली आहे का? नाही. दोघंही सकाळपासून एकाच हवेत आहेत, दोघांचं तापमान ४४च्या आसपास. पण आपल्या त्वचेचं तापमान ३५च्या जवळपास असतं. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, म्हणून ती कडीकडून हाताकडे येते. लोखंड ती झपाट्याने देतं, लाकूड हळूहळू देतं. तापमान सारखं, उष्णता वाहण्याचा वेग वेगळा. तापमान सांगतं की उष्णता कुठून कुठे जाणार. उष्णता म्हणजे त्या वाटेने प्रत्यक्ष गेलेली ऊर्जा.

पेपरात येतो तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो, हेही लक्षात ठेवा. मैदानी भागात सावलीतलं कमाल तापमान ४५ किंवा वर गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, ४७ गाठलं की तीव्र लाट. उन्हातला डांबरी रस्ता, टिनाचं छप्पर, गच्ची यांचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं.

स्लॅब संध्याकाळी का तापतो?

उष्णता तीन वाटांनी जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. घन पदार्थातून कणाकणाने जाते ते वहन. हवा किंवा पाणी स्वतः फिरून घेऊन जातं ते अभिसरण. आणि मधे काही नसतानाही सूर्याकडून आपल्याकडे येते ते प्रारण.

आता आपल्या घराचा स्लॅब घ्या. साधारण पाच इंच काँक्रीट. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यात जास्त तापतो. ती उष्णता वहनाने खाली उतरायला वेळ लागतो. पाच इंचांसाठी हिशोब केला तर तीन-साडेतीन तास येतात. म्हणजे छताची खालची बाजू संध्याकाळी पाच-सहाला सर्वात गरम. ऑफिसातून घरी यावं आणि खोलीने भट्टीसारखं स्वागत करावं, त्याचं कारण हे. वर तापमानाचा जो चढउतार होतो, त्याचा जवळपास चाळीस टक्के भाग खाली पोचतो.

जुन्या वऱ्हाडी घराची मातीची भिंत दीड फूट जाड असायची. तोच हिशोब तिला लावला तर उशीर बारा तासांहून जास्त येतो, आणि पलीकडे पोचतो तो चढउतार दोन-चार टक्केच. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, दारं-खिडक्या उघडलेल्या असतात. आजोबांनी उष्मागतिकी शिकली नव्हती, पण घर बरोबर बांधलं होतं.

टिनाचं काय? टिन पातळ, त्यामुळे उशीर नाहीच. बाहेर तापलं की त्याच मिनिटाला आत तापतं, आणि तापलेला पत्रा खाली बसलेल्या माणसावर थेट प्रारण टाकतो. इथे पंखा कितीही फिरवा, तो प्रारण अडवत नाही. टिनावर पांढरा चुना मारला तर ऊन परत फेकलं जातं. टिनाखाली हातभर अंतर सोडून कापडाचं किंवा तट्ट्याचं छत बांधलं तर प्रारणाच्या वाटेत आडोसा येतो. खर्च थोडा, फरक मोठा.

टायर आणि चिखलदरा

आता वायूंकडे वळू. आदर्श वायूचा नियम शाळेत पाठ केलेला असतो: पीव्ही बरोबर एनआरटी. दाब गुणिले आकारमान, आणि दुसऱ्या बाजूला वायूचं प्रमाण गुणिले एक स्थिरांक गुणिले तापमान. यात विद्यार्थी दोन चुका हमखास करतात.

समजा पहाटे २७ अंशांवर गाडीच्या टायरमध्ये हवा भरली, गेजवर ३० पीएसआय. दुपारी अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालो आणि टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली. दाब किती? कोणी म्हणेल, २७चे ६७ झाले म्हणजे अडीच पट, तर दाब ७५! ही पहिली चूक. इथे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे २७३ मिळवायचे. २७चे ३०० आणि ६७चे ३४०. दुसरी चूक गेजची. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. बाहेरच्या हवेचा दाब आपल्याकडे साधारण १४ पीएसआय, तेव्हा खरा दाब ४४. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही असं धरू. ४४ गुणिले ३४० भागिले ३००, म्हणजे जवळपास ५०. त्यातून १४ वजा केले की गेजवर ३६. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

आता उलटा प्रश्न. गरम हवा वर जाते म्हणतात, मग चिखलदरा थंड का? तिथे तर सगळी गरम हवा जमायला हवी!

इथे उष्मागतिकीचा पहिला नियम लागतो. वायूला दिलेली उष्णता, उणे वायूने केलेलं काम, म्हणजे त्याच्या आंतरिक ऊर्जेतला बदल. साध्या भाषेत, ऊर्जेचा जमाखर्च जुळलाच पाहिजे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, कारण आपण हवेवर काम करतो. तीच हवा व्हॉल्व्हमधून सोडली की थंड लागते, कारण आता पसरताना ती स्वतः काम करते.

अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा साधारण ११०० मीटरवर. वर हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी कमी. खालची हवा डोंगर चढते तेव्हा तिच्यावरचा दाब उतरतो, ती पसरते, आजूबाजूच्या हवेला ढकलण्याचं काम करते. बाहेरून उष्णता मिळत नाही, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. मग कामाचा खर्च कुठून? स्वतःच्या आंतरिक ऊर्जेतून. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा म्हणजे त्याचं तापमानच, म्हणून तापमान उतरतं. कोरड्या हवेसाठी हा उतार दर किलोमीटरला ९.८ अंश येतो. पाऊण किलोमीटर चढलो की सात-साडेसात अंश. परतवाड्याहून घाट चढताना आपण जो गारवा अनुभवतो त्यात झाडीचा वाटा आहे, पण मुख्य हिशोब हा आहे.

आता कूलर

कूलर थंडी तयार करत नाही आणि उष्णता नष्टही करत नाही. तो ती लपवतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. यालाच सुप्त उष्मा म्हणतात. ताट्यांमधून जाणारी गरम हवा ही ऊर्जा पाण्याला देते आणि स्वतः थंड होते.

एक किलो हवा एक अंशाने थंड करायला एक किलोज्यूल काढून घ्यावा लागतो. तेव्हा एक लिटर पाणी १६० किलो हवेला १५ अंशांनी थंड करू शकतं. अकोल्याच्या ४४ अंशांत एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.०७ किलो, आदर्श वायूच्या नियमातूनच काढलेलं. म्हणजे १५० घनमीटर हवा, दहा बाय बाराच्या चारेक खोल्या. पण मोठा कूलर तासाला ३००० घनमीटर हवा फेकत असेल तर तासाला २० लिटर पाणी पितो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हा आकडा लागतो. शिवाय वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार मागे ताट्यांवर बसतात, आणि हवा जायची वाट अडते. म्हणून टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण बदलावं.

आता मर्यादा बघू. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरा. पारा उतरेल आणि एका जागी थांबेल. कूलर कितीही चांगला असला तरी हवा या खूणेच्या खाली नेऊ शकत नाही. बाजारातला ठीकठाक कूलर या वाटेचं साधारण तीन चतुर्थांश अंतर कापतो.

मे महिना: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याची खूण २३. मधे २१ अंशांची वाट, तिचे तीन चतुर्थांश म्हणजे सोळा. कूलरची हवा २८ अंश.

जून: ३८ अंश, आर्द्रता ५० टक्के. खूण २९. वाट फक्त नऊ अंशांची, कूलर कापतो सातच्या आत-बाहेर. हवा ३१ अंश, आणि तीही ओलसर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. कूलर उन्हाशी लढत नाही, तो हवेच्या कोरडेपणावर चालतो. म्हणूनच खिडकी बंद करून कूलर लावणं चूक. ओली हवा बाहेर गेली नाही तर बंद खोलीत आपण मे महिन्यातच जून तयार करतो. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. पाणी भरताना मात्र आधी प्लग काढायचा, आणि अर्थिंग तपासलेलं असावं. बाकी सगळं नंतर.

आपलं शरीर हाही एक कूलर

आता खरं महत्त्वाचं. हवा ३५ अंशांच्या खाली असते तोवर शरीर तिन्ही वाटांनी उष्णता बाहेर टाकतं. हवा ३५च्या वर गेली की तिन्ही वाटा उलट्या फिरतात, उष्णता आत येऊ लागते. उरतो एकच मार्ग, घामाची वाफ. शेतात पऱ्हाट्या उपटणाऱ्या किंवा स्लॅबवर काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण ३०० वॅट उष्णता तयार होते. तासाला १०८० किलोज्यूल, म्हणजे जवळपास अर्धा लिटर घाम, तोही फक्त स्वतःची उष्णता फेडायला. उन्हाची वेगळी. हे पाणी आणि मीठ परत मिळालं नाही तर कूलरची टाकी रिकामी होते.

म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, तहानही कमी लागते. त्यांना टिनाच्या खोलीत पंख्याखाली बसवून आपण निर्धास्त होतो, आणि चूक तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की हवा ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा शरीर तापवू शकतो. कारण आपण आता सांगू शकतो: अंगावर पाणी नसेल तर पंखा फक्त गरम हवा अंगावर आणून ओततो. त्यांच्या अंगावर ओलं फडकं फिरवा, मग पंखा लावा. पंखा तोच, पण आता तो बाष्पीभवन करतो. थोडं थोडं पाणी, ताक, ओआरएस देत राहा.

आणि उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागलं, चक्कर येऊन पडलं, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर ती थकवा समजून झोपवून ठेवायची वेळ नव्हे. तो उष्माघात असू शकतो. १०८ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. अँब्युलन्स येईपर्यंत ती वीस मिनिटं आपण त्या माणसाचा कूलर व्हायचं आहे.

पुढच्या व्याख्यानात दुसरा नियम घेऊ. तिथे एसी आणि फ्रिज येतील, आणि खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड का होत नाही, हा प्रश्न. तोवर एक काम करा: घरात एक तापमापक आणि एक ओलं फडकं, रोज दुपारी तीनला दोन आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच आकड्यांपासून सुरुवात करू.