नोंद नाही, म्हणून संसर्ग नाही?

हेपटायटिस सीचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला १९८९ मध्ये. व्हिएतनाममधून अमेरिकेचे लढाऊ सैन्य परतले होते १९७३ मध्येच. हा आजार वीस-तीस वर्षे गुपचूप यकृत पोखरतो आणि अनेकदा सिऱ्होसिस किंवा कर्करोग झाल्यावरच उघड होतो. त्यामुळे त्या सैनिकांच्या लष्करी वैद्यकीय कागदांत त्याचे नाव सापडणे शक्यच नव्हते. तरीही अपंगत्व भरपाईचा दावा फेटाळताना ‘सेवाकाळात निदानाची नोंद नाही’ हे कारण पुढे येते. जी चाचणी अस्तित्वातच नव्हती, तिचा निकाल न सापडणे हा सैनिकाविरुद्धचा पुरावा कसा ठरेल?

अमेरिकी कायदाही तसे मानत नाही. आजचा आजार, सेवाकाळातली घटना आणि दोहोंमधला दुवा एवढे दाखवावे लागते. दुव्यासाठी निम्मी शक्यता पुरते आणि पारडी समसमान राहिली, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. म्हणून अपिलाचे भवितव्य बहुधा डॉक्टरच्या सकारण मतावर ठरते. १९९२ पूर्वी रक्त चढवले होते का, जखमींचे रक्त हाताळले होते का, वस्तरा सामाईक होता का, हे त्यात तपासावे लागते. रांगेतल्या सैनिकांना एकामागून एक लस टोचणाऱ्या जेट इंजेक्टरचा मुद्दा सर्वांत वादग्रस्त. त्यातून हेपटायटिस सी पसरल्याचा थेट पुरावा नाही. पण १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये अशाच यंत्रातून हेपटायटिस बी पसरला होता. माजी सैनिकांच्या खात्यानेही २००४ मध्ये ही शक्यता जैविकदृष्ट्या ग्राह्य मानली. अर्थात, निव्वळ शक्यतेवर दावा जिंकता येत नाही. ती त्या सैनिकाच्या बाबतीत का लागू पडते, हे डॉक्टरला सांगावे लागते.

यावर आक्षेप असा, की या संसर्गाचे मोठे कारण अमली पदार्थांच्या सुया हे आहे आणि अशा व्यसनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही. तो नियम आहेच. पण व्यसनाचा उल्लेख दिसताच आधीचे रक्तसंक्रमण विचारातून बाद करणे म्हणजे तपास अर्धवट सोडणे. दुसरा आक्षेप, नव्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात, मग भरपाई कशाला? विषाणू गेला तरी सिऱ्होसिस झालेले यकृत सहसा पूर्ववत होत नाही आणि कर्करोगाचा धोकाही उरतो. भरपाई त्या उरलेल्या हानीची असते. दावा फेटाळला गेला, तर २०१९ पासून नवा पुरावा देणे, वरिष्ठांकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ असे तीन मार्ग खुले आहेत. दुवा जोडणारे वैद्यकीय मतच फाइलमध्ये नसेल, तर फेरतपासणीचा उपयोग थोडा, कारण तिथे नवा कागद दाखल होत नाही. प्रत्येक दावा मंजूर करा, असे कोणी म्हणत नाही. नकार द्यायचा तर तो तपासलेल्या कारणांवर द्यावा, कोऱ्या रकान्यावर नव्हे.