गाडी दिसते, मग अपघात का होतो?

रेल्वेगाडी ही काही लपतछपत येणारी वस्तू नव्हे. ती आकाराने प्रचंड असते, आवाज करते, रात्री तिला दिवा असतो. आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या वाटेने येणार हे दोन रुळांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. वाघाबद्दल किंवा विंचवाबद्दल असे म्हणता येत नाही. तरीही रुळांवर माणसे गाडीखाली सापडतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे दगावतात आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची असतात, असा अंदाज होता. त्या अहवालातील आणखी एका आकड्याची चर्चा कमी झाली. त्याआधीच्या काही वर्षांतच कामावर असलेले सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मृत्यू पावले होते.

हा दुसरा आकडा विचार करायला लावणारा आहे. घाईत रूळ ओलांडणाऱ्या प्रवाशाबद्दल ‘बेसावध होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ज्यांनी आयुष्य रुळांवर काढले, त्या गँगमन आणि कीमन मंडळींना गाडी म्हणजे काय हे का ठाऊक नसते? तेही सापडतात याचा अर्थ असा, की येथे नुसती सावधगिरी पुरी पडत नाही. ती का पुरी पडत नाही हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

डोळे काय सांगतात?

ताशी १०८ किलोमीटर वेगाने येणारी गाडी घेऊ. हा वेग निवडायचे कारण एवढेच, की तो बरोबर सेकंदाला ३० मीटर होतो आणि तोंडी हिशेब करता येतो. गाडीचा दर्शनी भाग सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो. ही गाडी समोरून ३०० मीटरवर असेल तर ती डोळ्यांना केवढी दिसेल? हात लांब करून धरलेल्या पेन्सिलीच्या जाडीएवढी. त्या वेळी ती आपल्यापासून फक्त दहा सेकंदांवर असते.

आता मागे जाऊन पाहू. ६०० मीटरवर ती अर्ध्या पेन्सिलीएवढी होती. म्हणजे दहा सेकंदांत तिची जाडी अर्ध्या पेन्सिलीने वाढली. हा बदल इतका सावकाश असतो, की गाडी जवळजवळ उभी असल्याचा भास होतो. पुढच्या पाच सेकंदांत ती दोन पेन्सिलींएवढी होते, त्यापुढच्या अडीच सेकंदांत चार पेन्सिलींएवढी आणि शेवटचा एक सेकंद उरतो तेव्हा दहा पेन्सिलींएवढी. वाढीचा मोठा भाग अगदी शेवटी घडतो. गाडी ‘एकदम आली’ असे वाचलेली माणसे सांगतात ते खोटे नसते. त्यांच्या डोळ्यांपुरती ती खरोखरच एकदम आलेली असते.

गाडी बाजूने पाहणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण झाडे आणि खांब यांच्या संदर्भाने तिचे सरकणे लगेच जाणवते. रुळावर उभ्या माणसाला मात्र गाडी सरकताना दिसतच नाही, ती केवळ फुगत जाते. त्यात आणखी एका भ्रमाची भर पडते. हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली असे मांडले, की सारख्याच वेगाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने मोठी असलेली आपल्याला हळू जात आहे असे वाटते. विमानतळावर उतरणारे मोठे विमान आकाशात तरंगत असल्यासारखे दिसते, ते यामुळेच.

मुंबईत वडाळा येथे २००९ च्या अखेरीस या कल्पनेचा उपयोग करून पाहण्यात आला. ‘फायनल माइल’ या संस्थेने रेल्वेच्या मदतीने काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले. गाडी हे पट्टे किती भराभर गिळत येते ते पाहून पाहणाऱ्याला तिच्या वेगाचा अंदाज येऊ लागला. त्याबरोबर एका लांब भोंग्याऐवजी मध्ये क्षणभर शांतता ठेवून दोन आखूड भोंगे देण्यात आले. सलग आवाजापेक्षा तुटक आवाजाकडे मेंदूचे लक्ष चटकन जाते. त्या ठिकाणचे मृत्यू त्यानंतर बरेच कमी झाल्याचे सांगण्यात आले. कोणालाही उपदेश न करता केवळ डोळ्याला आणि कानाला नेमकी माहिती पुरवली, एवढेच येथे केले होते.

कान काय सांगतात?

डोळे चुकले तरी कान आहेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु धावत्या चाकांचा आवाज सर्व दिशांना सारखा पसरत नाही. तो बाजूंना जास्त आणि समोरच्या दिशेने कमी जातो. ज्याला इशारा हवा तो समोरच उभा असतो. पूर्वी रुळांच्या प्रत्येक सांध्यावर खडखडाट होई. आता लांबच लांब रूळ जोडून घेतलेले असल्याने तो गेला, आणि विजेवरच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखा धापा टाकण्याचा आवाज नाही. प्रवास सुखाचा झाला, तसा गँगमनचा एक इशाराही नाहीसा झाला.

शिवाय कामाचा स्वतःचा आवाज असतो. खडी ठोकणाऱ्या टोळीच्या किंवा यंत्राच्या गोंगाटात दुरून येणारा आवाज बुडून जातो. वारा उलट दिशेचा असला किंवा वाटेत डोंगराची कटाई असली, तर आणखीनच.

मुलांच्या आवडीच्या एका समजुतीचा येथे उल्लेख करायला हवा. रुळाला कान लावला की गाडी लवकर ऐकू येते, असे म्हणतात. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर, म्हणजे हवेतल्या ३४० मीटरच्या जवळजवळ पंधरा पट असतो, हे खरे आहे. पण आवाज लवकर पोचणे वेगळे आणि ऐकू येण्याइतका शिल्लक राहणे वेगळे. स्लीपर आणि खडी कंपने शोषून घेतात. आवाज आला नाही तर गाडी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि तो काढण्यासाठी डोके रुळावर ठेवणे हा तर शुद्ध वेडेपणा होय. हा धडा वर्गातल्या लांब बाकाच्या एका टोकाला टिचकी मारून आणि दुसऱ्या टोकाला कान लावून उत्तम शिकवता येतो.

दोन किंवा अधिक मार्ग असतील तेथे धोका दुणावतो. एका मार्गावरून गाडी धडधडत जात असताना दुसऱ्या मार्गावरची गाडी ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. पहिल्या गाडीला वाट देण्यासाठी शेजारच्या रुळांवर सरकणारा माणूस म्हणूनच दुसरीखाली सापडतो. गाडी आली की शेजारच्या मार्गावर उभे न राहता सगळ्या रुळांच्या बाहेर, कडेच्या मोकळ्या पट्टीवर जायचे, हा नियम यातूनच आला.

ड्रायव्हर गाडी का थांबवत नाही?

समोर माणूस दिसल्यावर ड्रायव्हर ब्रेक लावतोच. मग गाडी थांबत का नाही? ‘ती फार जड असते म्हणून’ असे उत्तर सहसा मिळते. ते पुरे नाही. प्रत्येक डब्याला स्वतःचे ब्रेक असतात. वजन वाढते तसे चाकांवरचा दाब आणि त्याबरोबर मिळू शकणारे घर्षणही वाढते. खरी गोष्ट अशी, की पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातले घर्षण रबरी टायर आणि डांबरी रस्ता यांच्या मानाने फारच कमी असते. याच गुणामुळे एक इंजिन साडेचार हजार टनांहून जड मालगाडी ओढू शकते. थांबताना तोच गुण अंगावर येतो.

आता हिशेब करू. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. बसला जोराचा ब्रेक लावला तर दर सेकंदाला वेग सेकंदाला ५ मीटरने कमी होतो असे धरू. सेकंदाला ३० मीटर वेग असेल तर अंतर येते ९०० भागिले १०, म्हणजे ९० मीटर. गाडीसाठी मंदन त्याच्या एकदशांश, म्हणजे ०.५ धरले, तर अंतर ९०० मीटर येते आणि वेळ लागतो पूर्ण एक मिनिट. ड्रायव्हरच्या लक्षात येऊन ब्रेकचा जोर सगळ्या डब्यांपर्यंत पोचायला पाच सेकंद धरले, तर आणखी १५० मीटर. एकूण १०५० मीटर झाले.

एक किलोमीटरवरचा माणूस ड्रायव्हरला दिसेल का? पेन्सिलीचा हिशेब आठवावा. दिसण्याजोगे अंतर आणि थांबण्याजोगे अंतर यांचा मेळच बसत नाही. ड्रायव्हरच्या दृष्टीवर किंवा दयाबुद्धीवर विसंबण्यात म्हणून अर्थ नाही.

६०० आणि १२०० मीटर

रेल्वेचे नियम या हिशेबाभोवती बांधलेले आहेत. ब्रॉडगेज मार्गावर रूळ काही वेळ गाडी जाण्याजोगा राहणार नसेल, तर काम सुरू करण्याआधी ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग, म्हणजे रुळांवर आडवे ताणलेले लाल कापड लावतात. १२०० मीटरवर रुळावर तीन फटाके सुमारे दहा-दहा मीटर अंतराने बसवतात आणि निशाण घेऊन माणूस उभा करतात. चाकाखाली फटाका फुटला, की धुके असो, अंधार असो वा वळण असो, ड्रायव्हरला इशारा मिळतो. आपल्या उत्तरातले १०५० आणि नियमातले १२०० हे आकडे किती जवळचे आहेत ते पाहावे. विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून हा नियम पुन्हा ‘शोधून’ काढला, तर तो त्यांना हुकूम न वाटता युक्तिवाद वाटेल.

वेग दीडपट झाला तर काय होईल? मंदन तेवढेच राहिले तर ९०० चे दोन हजार मीटरच्या वर जातील, कारण येथे वर्ग आहे. म्हणूनच मोठ्या कामासाठी खात्रीचा उपाय एकच उरतो. ठरलेल्या वेळेपुरती त्या मार्गावर गाडीच येऊ द्यायची नाही. यालाच ब्लॉक म्हणतात. रविवारच्या मेगाब्लॉकला मुंबईकर नावे ठेवतात, पण त्या चार-पाच तासांत कित्येक माणसे गाडीच्या धास्तीवाचून रुळांवर वाकून काम करत असतात.

किरकोळ कामाच्या वेळी गाड्या चालू असतात आणि टोळीसाठी टेहळणीचा माणूस, म्हणजे लुकआउट मॅन, नेमतात. त्याला किती दूरचे दिसायला हवे? ब्रिटिश रेल्वेवर असा दंडक आहे, की गाडी येण्याच्या किमान दहा सेकंद आधी सर्वजण सुरक्षित जागी पोचलेले असावेत. अवजारे उचलून बाहेर पडायला पंधरा सेकंद लागत असतील तर एकूण पंचवीस सेकंद होतात. आपल्या गाडीसाठी ते ७५० मीटर झाले. वळणामुळे ४०० मीटरच दिसत असेल, तर हाती तेराच सेकंद उरतात. तेथे वळणापलीकडे दुसरा माणूस हवाच. दूर एकट्याने चालणाऱ्या कीमनसाठी अलीकडे काही ठिकाणी ‘रक्षक’ नावाचे यंत्रही दिले जाते. ते गाडी जवळच्या स्थानकातून निघाल्याची सूचना रेडिओ लहरींनी देते.

बाहेर म्हणजे किती बाहेर?

ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १.६७६ मीटर, आणि डबा सुमारे ३.२५ मीटर रुंद. म्हणजे डबा प्रत्येक रुळाच्या बाहेर जवळजवळ ८० सेंटिमीटर येतो. मुंबईच्या लोकलचे डबे ३.६६ मीटर रुंद असल्याने तेथे हे अंतर सुमारे एक मीटर भरते. रुळापासून एक पाऊल दूर असलेला माणूस रुळांच्या बाहेर असतो, गाडीच्या बाहेर नसतो. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी ब्रिटिश संसद सदस्य विल्यम हस्किसन शेजारच्या मार्गावरून आलेल्या ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडले. गाडी येते आहे हे त्यांना कळले होते. सरकायला पुरेशी जागा मिळाली नाही. त्याच रात्री त्यांचे निधन झाले.

डोक्यावरची तारही विसरू नये. तिच्यात २५ हजार व्होल्टचा दाब असतो. एवढ्या दाबाला स्पर्शाची गरज नसते, हवेतूनही ठिणगी उडी घेते. वीज बंद केल्याचे लेखी परवानापत्र हातात नसेल तर रेल्वेचा कर्मचारीही तिच्या दोन मीटरच्या आत काम करत नाही. उभ्या मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढणारा मुलगा थेट या दोन मीटरच्या आत जातो.

वर्गासाठी

हे सारे खऱ्या रुळांजवळ न जाता शिकवता येते, आणि तसेच शिकवावे. मैदानावर चुन्याने दोन रूळ आखा. मुलांना ‘सुरक्षित’ वाटेल तेथे उभे राहायला सांगा आणि मग डब्याची रुंदी आखून दाखवा. हात लांब करून प्रत्येकाला पेन्सिल धरायला लावा आणि मोठ्याने दहा अंक मोजा. थांबण्याच्या अंतराचा हिशेब फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या.

शाळेला येताना रूळ ओलांडणारी मुले आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात आहेत, आणि काहींचे वडील रुळांवर कामाला जातात. त्यांना ‘जपून जा’ असे आपण रोज सांगतो. पण जपणारे डोळे आणि कान येथे कमी पडतात. म्हणून ‘पुलावरूनच जा’ असे सांगावे, आणि का ते हिशेबानिशी दाखवावे. पुलावरून जाणाऱ्याला गाडीच्या वेगाचा अंदाज करावाच लागत नाही.